पोळ्याच्या बाजारातला प्रश्न

पोळा तोंडावर आला की चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, कुठल्याही गावच्या बाजारात दोन तऱ्हेची दुकाने एकमेकांना खेटून लागतात. एकात खऱ्या बैलाचा साज: झुली, बाशिंगे, घुंगरमाळा, वेसणी, नवे कासरे, शिंगांना लावायचा हिंगूळ आणि बेगड. दुसऱ्यात खोटे बैल. ज्यांच्या दावणीला जनावर उरलेले नाही त्यांनी पाटावर मांडून पुजायचे मातीचे बैल, आणि पोरांनी दोरी धरून ओढत न्यायचे चाकांचे लाकडी बैल. मातीचा बैल हातात घेऊन पाहावा. कुंभाराने पाठीवर चिमटीने वर ओढलेले वशिंड, काडीने टोचलेले डोळे, अंगावर चुन्याचा एक हात, शिंगांना गेरू. पाय चार, पण सारख्या उंचीचे क्वचितच. त्यामुळे बैल जरा झुकून उभा राहतो आणि खऱ्यासारखा दिसतो.

गिऱ्हाईक बैलाला हात लावते न लावते तोच विक्रेता विचारतो, "पोरगा हाये का पोरगी?" पोरगा म्हटले की लाकडी बैल दोरीसकट पुढे सरकतो. पोरगी म्हटले की त्याचा हात मागे जातो आणि जाळीच्या पिशवीतली भातुकली बाहेर येते. चूल, तवा, पोळपाट, लाटणे, आणि आता गॅसची शेगडी व मिक्सरसुद्धा, सगळे गुलाबी. यात विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला माल खपवायचा आहे आणि या एका प्रश्नाने त्याचे अर्धे काम होते. गिऱ्हाइकालाही प्रश्नात काही वावगे वाटत नाही. उत्तर देऊन, घासाघीस करून, पिशवी घेऊन ते पुढे जाते.

पण हाच प्रश्न, याच शब्दांत, आणखी एका ठिकाणी विचारता येतो आणि तिथे तो गुन्हा आहे. गर्भाचे लिंग सांगण्यावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तेव्हापासून प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर तो ठरावीक फलक आहे. फलक असूनही काय झाले ते जनगणनेने दाखवले. बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलांमागे २००१ साली ९०८ मुली होत्या. २०११ साली ८५५. राज्यात बीड, जळगाव, अहमदनगर या जिल्ह्यांच्या पाठोपाठ आपले नाव लागले. म्हणूनच २०१५ च्या जानेवारीत 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' मोहीम देशातल्या शंभर जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्या पहिल्याच यादीत बुलढाणा होता. जिजाऊंच्या माहेरचा जिल्हा या यादीत यावा, ही खंत सिंदखेडराजाच्या व्यासपीठावरून इतक्यांदा व्यक्त झाली आहे की ती आता भाषणाच्या प्रस्तावनेचा भाग झाली आहे. टाळ्या येतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्यावर जातो.

लाकडी बैलामुळे किंवा गुलाबी शेगडीमुळे मुली कमी झाल्या, असे कोणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. मात्र सोनोग्राफीच्या खोलीत दबक्या आवाजात विचारलेला आणि बाजारात मोकळेपणाने विचारलेला प्रश्न एकाच समजुतीतून येतो. जन्माला येणारे मूल कोण, हे कळले की त्याच्या हातात पुढे काय जाणार, त्याच्याकडून काय यायचे आणि त्याच्यावर किती खर्च करायचा, हा सगळा हिशेब आपण तिथल्या तिथे मांडून मोकळे होतो. सोनोग्राफीच्या खोलीत तो हिशेब जिवावर बेततो. बाजारात तो लहान नोटांत उरकतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

ही वाटणी नुसत्या खुळचटपणातून आली, असे म्हणणेही बरोबर नाही. पूर्वी खेळणे ही पुढल्या कामाची तालीम होती. मुलगा औत धरणार, त्याने बैल ओळखावा. मुलगी चूल सांभाळणार, तिने पोळपाटावर हात बसवावा. तान्हा पोळा तर मुलांना बैलाची माया लागावी म्हणूनच निघाला, असे सांगतात. नागपुरात त्याचे श्रेय दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देतात. पूर्व विदर्भात त्याचा थाट मोठा. आपल्या वऱ्हाडात तो आता शाळा आणि अंगणवाड्यांच्या अंगणात भरतो आणि सजवलेल्या बैलाला बक्षीस मिळते. त्याला नाव ठेवावे असे काही नाही. ट्रॅक्टरच्या दिवसांत मूल निदान दोरीने का होईना बैल ओढते, हे चांगलेच आहे.

अडचण निराळीच आहे. ही तालीम कामाची म्हणावी, तर शेतातल्या कामाची वाटणी तशी कधी नव्हतीच. आपल्या जिल्ह्यात निंदण कोण करते? कापसाची वेचणी कोण करते? सोयाबीनच्या सोंगणीत वाकलेल्या पाठी बहुतेक कोणाच्या असतात? कोणत्याही शिवारात आश्विन-कार्तिकात एक फेरी मारली तरी पुरे. बाईच्या वाट्याला शेत पुरेपूर आले आहे. आले नाही ते बैल, औत, बाजार समितीतली पट्टी आणि सातबारा. म्हणजे दोरीने ओढायच्या बैलातून मुलगा शेतीकाम शिकत नाही, तो धनीपण शिकतो. मुलीच्या हातात बैल जात नाही तो ती शेतात राबणार नाही म्हणून नव्हे. तो तिचा नसणार म्हणून. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना बरोबरीचा हक्क दिला, देशाने तो २००५ साली दिला. तरी लग्न झालेल्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली नाही तर ती भाऊबंदकीवर उतरली, असे गाव आजही म्हणते. ही समज तिच्यात आणि तिच्या भावात कधी रुजली, ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

२००६ साली पंतप्रधानांच्या विशेष पॅकेजमध्ये विदर्भाचे जे सहा जिल्हे आले त्यांत बुलढाणा होता. शेतकरी आत्महत्यांचा तो काळ अजून पुरता मागे पडलेला नाही. कर्त्या माणसाने जीव दिला त्या घरांत पुढे काय झाले, हे गावागावांत लोकांनी पाहिले आहे. एका रात्रीत बाईवर खत-बियाण्याचे दुकान, बँकेचा शाखाधिकारी, तलाठी, सावकार, बैलबाजारातला दलाल या सगळ्यांशी बोलायची वेळ आली. यातले तिला आयुष्यात कोणी काही शिकवले नव्हते. हे आपल्या हातात येऊ शकते, असे खेळातही कोणी तिला सुचवले नव्हते. बहुतेकींनी ते निभावले. पण 'तिला काय कळते' हे ऐकून घेत निभावले.

इथवरचे बहुतेकांना पटेल. मुलीला गाडी द्या, बैल द्या, मेकॅनिकचा संच द्या, असे म्हटले तर आज शहरगावात कोणी विरोध करणार नाही. उलट 'आमची मुलगी बाहुल्यांशी खेळतच नाही, तिला फक्त जेसीबी लागतो' हे आईबाप कौतुकाने सांगतात. डॉक्टरचा संच घेताना तर मुलगा की मुलगी हा प्रश्न दुकानदारही विचारत नाही. स्टेथोस्कोप दोघांच्याही गळ्यात शोभतो, कारण नीटच्या परीक्षेचे स्वप्न आपण दोघांसाठी सारखे पाहतो. मनात आले की ही भिंत आपण सहज ओलांडतो, हे त्या डॉक्टरच्या संचाने सिद्ध केले आहे.

भिंत उलट बाजूने मात्र ओलांडली जात नाही. 'आमचा मुलगा दिवसभर भातुकली मांडतो' हे अभिमानाने सांगणारा बाप विरळा. कोणत्याही अंगणवाडीत दुपारी डोकावा. तीन-चार वर्षांची पोरे-पोरी मिळून चूल मांडतात. कोणी भात शिजवतो, कोणी वाळूचे पिठले वाढते, एखादा बाहुलीला मांडीवर घेऊन थोपटत असतो, आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. तेवढ्यात न्यायला आलेला बाप किंवा काका दारातून म्हणतो, "काय रे, बायकोवानी सैपाक करून राह्यला?" पोर हातातला तवा खाली ठेवते. दुसऱ्या दिवशी ते चुलीकडे जायचे टाळते. त्याला कोणी रागावले नव्हते, मारले तर नव्हतेच. नुसते हसले होते. पण हे काम हसण्याजोगे आहे आणि ते करणारी माणसे आपल्याहून खालची आहेत, एवढे त्याला पुरते कळले.

आमच्या मते सगळा प्रश्न या तव्याशी येऊन थांबतो. मुलीने मुलाचे खेळणे घेतले तर ती वर चढली, मुलाने मुलीचे घेतले तर तो खाली उतरला, असे आपण मानतो. तोपर्यंत मुलींना कितीही जेसीबी दिले तरी हिशेब बदलत नाही. स्वयंपाक, मूल सांभाळणे, आजाऱ्याची शुश्रूषा ही कामे कमी प्रतीची, ती करणारी व्यक्ती कमी प्रतीची, आणि जी कमी प्रतीची ती नको असलेली. ८५५ चा आकडा या साखळीच्या शेवटच्या कडीला लटकलेला आहे. पुरोगामी घरेही नकळत यात भर घालतात. मुलीची भातुकली माळ्यावर टाकून तिला रिमोटची गाडी देताना आपण तिला हेच सांगतो, की तुझ्या आईने आणि आजीने आयुष्यभर जे केले ते खेळण्याच्याही लायकीचे नाही.

वास्तविक पुरुषाला चूल वर्ज्य नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असेल? शेगावच्या कचोरीचे नाव साऱ्या रेल्वेमार्गावर आहे. ती तळणारे हात बहुतांशी पुरुषांचे. लग्नातले आचारी पुरुष. गजानन महाराज संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले पुरुष सेवेकरी पंगत वाढतात, उष्टी उचलतात, फरशी पुसतात, आणि त्या सेवेची पाळी मिळावी म्हणून लोक वाट पाहतात. त्यांच्या शिस्तीचे दाखले व्यवस्थापनाच्या अभ्यासातही दिले जातात. तोच गृहस्थ घरी आल्यावर स्वतःचे ताट उचलून मोरीत ठेवत नाही. देवाच्या दारी जे पुण्य, गल्ल्यावर जो धंदा, ते घरात बायकी कसे होते, याचे उत्तर निदान धर्मशास्त्रात तरी सापडणार नाही. आणि सुरत, पुणे, संभाजीनगरला कामाला गेलेली आपली पोरे खोलीवर रोज पोळ्या लाटतातच की. फक्त ते गावी सांगत नाहीत.

यावर एक उत्तर हमखास येते: मुलांना गाड्या आवडतात आणि मुलींना बाहुल्या, हा निसर्गच आहे, तुम्ही कशाला मध्ये पडता? या म्हणण्याची टर उडवू नये, कारण त्यात थोडे तथ्य असू शकते. अमेरिकेतल्या संशोधकांनी ऱ्हीसस माकडांपुढे चाकांची खेळणी आणि कापडी मऊ प्राणी ठेवले. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नर माकडे चाकांकडे जास्त गेली. माकडांना कोणी जाहिराती दाखवल्या नव्हत्या. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट सांगायची राहून जाते. माद्यांनी तसा ठळक भेद केला नाही. त्या दोन्हींशी खेळल्या. निसर्गाची साक्ष काढायचीच तर पुरती काढावी. मग मुलींच्या पिशवीत दोन्ही असायला हवे, हे निसर्गच सांगतो, असे म्हणावे लागेल.

शिवाय निसर्गाला बोलू देण्याआधीच आपण बोलतो. ब्रिटनमध्ये १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लहान मुले असलेल्या आयांच्या हाती सहा महिन्यांचे परके बाळ दिले. बाळाला कधी मुलाचे कपडे व नाव, कधी मुलीचे. खरे काय ते त्यांना माहीत नव्हते. शेजारी खेळणी ठेवली होती. मुलगा समजून घेतलेल्या बाळापुढे आधी हातोडी धरली गेली, मुलगी समजून घेतलेल्यापुढे बाहुली. बाळाने अजून काही मागितलेच नव्हते. या आया वाईट नव्हत्या, आपल्याकडच्या मावश्या-आत्यांसारख्याच मायेच्या होत्या. पण कपड्यांवरून त्यांनी आवड ठरवली, आणि मग ती आवड बाळाचीच, अशी आपण सगळे समजूत करून घेतो.

आपल्या जुन्या पाळण्यात तर हा भेद फारसा नव्हताच. खामगावच्या चांदीचे वाळे आणि खुळखुळा मुलाला आणि मुलीला सारखेच. पांगुळगाडा एकच, थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत सगळे त्यालाच धरून उभे राहिले. कुंची आणि दुपटी एकाची दुसऱ्याला. बोरन्हाणाचे काळे झबले दोघांचे. भोवरा, बिल्लस, इटीदांडू यांची वाटणी पुढे होई, पण तीही पावसाळ्याच्या चिखलात बऱ्याचदा मोडत असे. मुलाला निळे आणि मुलीला गुलाबी ही रीत आपल्या आजीच्या पेटीतली नाही, ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली.

आणि खोके कुठून आले तेही पाहावे. समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्वीट यांनी अमेरिकेतल्या सिअर्स कंपनीचे जुने कॅटलॉग तपासले. १९७५ च्या कॅटलॉगात हे मुलांचे, हे मुलींचे असे उघड सांगणाऱ्या खेळण्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. पुढल्या दशकांत रंगांची भिंत उभी राहिली आणि उंच होत गेली. कारण भावनिक नव्हते. बहिणीची सायकल भावाला चालत असेल तर कंपनी एकच सायकल विकते. ती गुलाबी केली की दोन विकते. आता तिकडचेच लोक भिंत पाडायला निघाले आहेत. लेगो कंपनीने २०२१ साली आपल्या खेळण्यांतून असे साचे काढून टाकण्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियात २०२४ पासून मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी असा भेद नसलेला खेळण्यांचा विभाग ठेवणे कायद्याने भाग आहे. तिकडे टाकून दिलेली रीत आपल्याकडे नवी फॅशन म्हणून येते, हे काही पहिल्यांदा घडत नाही. भारतात २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांवर मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. रंगात शिसे किती, कडा किती धारदार हे त्यात तपासतात. रंग कोणासाठी, हे तपासायचे काम आपल्यावरच राहते.

बालभारतीने हे काम २०१९ साली हाती घेतले होते. दुसरीच्या पुस्तकातल्या चित्रांत आई आणि बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, बाई डॉक्टर दिसली, पुरुष स्वयंपाक्याच्या पोशाखात दिसला. थोडी चर्चा झाली, थोडी चेष्टा झाली, मग सगळे विसरले. पुस्तकातले चित्र मुलाला सातव्या वर्षी भेटते. त्याआधी चार वर्षे त्याने चुलीवरचा तवा खाली ठेवलेला असतो.

ज्या गावाच्या नावाने आपला जिल्हा ओळखला जातो त्या बुलढाण्यात १८५० च्या सुमारास ताराबाई शिंदे जन्मल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. चार मुलगे आणि ही एक मुलगी. बापूजींनी तिला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. मुलीला अक्षरओळख करून देणेही जेव्हा पाप समजत, तेव्हाची ही गोष्ट. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे लहानसे पुस्तक पुण्यात छापून निघाले. सुरतेच्या एका विधवेवर स्वतःच्या बाळाच्या हत्येचा खटला झाला होता आणि वृत्तपत्रे समस्त स्त्रीजातीला दूषणे देत होती. त्यावरचा हा जबाब. ताराबाईंनी स्त्रियांची बाजू मांडताना गयावया केली नाही. बायकांवर केले जाणारे आरोप त्यांनी एकेक करून पुरुषांसमोर धरले आणि हे तुम्हाला लागू आहेत की नाही, ते विचारले. जोतीराव फुल्यांनी पुस्तकाची पाठराखण केली. बाकी समाजाने इतकी टीका केली की त्यांनी पुन्हा काही छापल्याचे दिसत नाही, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत ते जवळजवळ हरवलेलेच होते.

ताराबाईंचे नाव आपण वर्षातून एकदा घेतो. त्यापेक्षा त्यांची रीत उचलावी. त्यांनी तुलना उलटी फिरवली. खेळण्यांच्या बाबतीतही तीच फिरवायला हवी. मुलीला काय देऊ, हे आपण गेली वीस-पंचवीस वर्षे विचारतो आहोत. मुलाला काय नाकारतो, हे विचारायचे राहिले आहे. आपल्या नातवाला पोळ्याच्या बाजारातून चूल-बोळकी आणून देणारा आजोबा अजून कथेतसुद्धा फारसा भेटत नाही.

मुलींच्या बाजूचे काम थांबवा, असा याचा अर्थ नाही. बुलढाण्यात धनुर्विद्येची जी परंपरा प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली उभी राहिली, तिने दोन्ही बाजू एकाच मैदानावर आणल्या. त्याच मातीतला प्रथमेश जावकार २०२३ साली शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला, आणि त्याआधी २०१९ साली बुलढाणा पोलिस दलातल्या मोनाली जाधव यांनी चीनमधल्या चेंगडू येथे जागतिक पोलिस क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकले. दसऱ्याच्या आसपास बाजारात बांबूची धनुष्ये विकायला येतात. ती अजूनही पोरांचीच समजतात. विक्रेत्यांपर्यंत मोनालीची बातमी पोहोचलेली नसावी.

पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी, भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसेल. मलकापूर-नांदुऱ्याकडे, खानदेशाच्या लगत, काही घरांत ती गुलाबाई म्हणून येते. भुलाबाई आणि भुलोजी पाटावर जोडीने, शेजारी धान्याची रास, टिपऱ्या, सासर-माहेरची गाणी, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. कोजागरीपर्यंत महिनाभर. पूर्वी मुलींना संध्याकाळी घराबाहेर पडून मोठ्याने गायची ही जवळपास एकच मुभा होती, म्हणून हा सण आम्हाला पोळ्याइतकाच मोलाचा वाटतो. भुलोजी पुरुष, त्याच्यासमोर गाणाऱ्या सगळ्या मुली, आणि त्यांचे भाऊ ओट्यावर बसून फक्त खिरापतीची वाट पाहणारे. खिरापत ओळखायला जे येतात त्यांनी ती करायलाही लागावे. रव्याचे लाडू वळताना सहा वर्षांच्या मुलाचे लाडू वाकडे होतील. त्याच्या बहिणीचेही होतात. तीच माती, तोच कुंभार. बैलही त्यानेच केले, भुलाबाईही त्यानेच केली. तिथवर वाटणी नसते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गावोगावच्या अंगणवाड्यांना खेळणी बहुधा याच पैशातून मिळतात, आणि ती यादी ग्रामसेवक व सरपंच पाच मिनिटांत करतात: मुलांसाठी गाड्या व चेंडू, मुलींसाठी बाहुल्या व किचन सेट. यंदा ती यादी करताना 'मुलांसाठी' आणि 'मुलींसाठी' ही दोन शीर्षके काढून टाकली आणि सगळा माल एकाच पेटीत ठेवला, तर एक रुपयाही जास्त लागत नाही. सेविकेला एवढेच सांगावे लागेल की न्यायला आलेल्या मोठ्या माणसांनी दारातून शेरे मारू नयेत. ती सांगेलही, तिची हरकत नसते, तिला कोणी विचारत नाही. तान्ह्या पोळ्याच्या बक्षिसासाठी मुलींची नावे शिक्षकांनी आपण होऊन घ्यावीत. भुलाबाईच्या स्पर्धा जिथे होतात तिथे मुलांची घ्यावीत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दहा टक्क्यांचा हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे, आणि त्या सुमारास बहुतेक वर्षी भुलाबाई घरात बसलेली असते.